चंद्रभानभाऊ गप्प का बसले

भरूच, रविवार

आईले जयभीम,

मी बरी आहे, जेवण वेळेवर होते. बाबा मोटरीची उघडी वायर अजून हातानंच जोडतात का? त्यायले म्हणा, पोरगी कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे, थोडी तरी लाज ठेवा.

इथं मात्र डोक्याले ताप झाला. मागच्या महिन्यात क्रेनचा वजन उचलाचा पट्टा झिजला म्हणून मी काम थांबवलं. तेव्हापासून आमचे सेफ्टीचेच मोठे साहेब मले रोज सगळ्यायसमोर म्हणतात, "आल्या कामबंद मॅडम!" मंग गेटवर कामगारायचे बूट तपासाले उभं करतात. आणि वरून स्वतःच भाषण ठोकतात, धोका दिसला की बिनधास्त बोला!

काल दुसरा पट्टा तुटला. कोणाले लागलं नाही, घाबरू नको. आपल्या दर्यापूरचे वेल्डर चंद्रभानभाऊ म्हणे, "मले सकाळीच दिसलं होतं." मी भडकली, "मंग बोलले कावून नाही?"

"तुमी बोलल्या, तं तुमाले गेटवर उभं केलं. मले तं घरीच पाठवतीन."

तू म्हणत होती ना, या पोरीच्या तोंडाले कुलूप नाही? काल लागलं, आई.

तुही,
दीपमाला