देशी म्हणजे कुणाची?

शनिवार, सांगली

आमच्या छोट्या ब्रुअरीच्या पाटीवर 'देशी बिअर' लिहिलं, चूक माझीच. म्हणायचं होतं, आपल्या मालकीची, तासगावचे बेदाणे घालून इथंच केलेली. पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं, "देशीची क्वार्टर हाय का?" इथलाच असून मी हे विसरलो कसा?

माझे वडील, आबा, बघत होते. फौजेत होते तेव्हापासून ते एकाच कंपनीची बिअर पितात. आज सांगून टाकलं, "आबा, ती कंपनी कधीच परदेशी लोकांनी घेतलीय."

"मला न इचारता?"

त्यांनी ग्लास पुढं केला. "वत तुझी."

सगळा ग्लास संपवला. "लय चांगली हाय. पण पाटी बदल. देशी पिऊन आलो म्हणून तुझ्या आईला सांगायची चोरी!"

उद्या पेंटर येईल. पाटीवरचा सगळ्यात खरा शब्दच पुसायचाय.