क्रिकेटची शपथ

ती. बाबा,

इथे येताना विमानतळावर तुम्ही मला शपथ घातली होती, क्रिकेटवर कधी पैसे लावायचे नाहीत म्हणून. बारा वर्षं पाळली. पण सिंगापुरात कायदेशीर बेटिंग चालतं, काल मोह आवरला नाही. ऑनलाइन खातं उघडलं, वर्क पास दाखवून ओळख पटवली, देवासमोर तुमची माफीही मागून घेतली. तेवढ्यात तुमची सून स्क्रीनमध्ये डोकावून म्हणाली, "अहो, यात क्रिकेट कुठंय? फुटबॉल आणि मोटारींची शर्यत, बास!" आणि पोट धरून हसत सुटली.

शपथ शाबूत राहिली, बाबा! मग पाच डॉलर फुटबॉलवर लावले.

हे पत्र मात्र पाठवत नाही. तुम्ही लगेच फुटबॉलचीही शपथ घालाल.

तुमचा, शब्दाला जागणारा,
कुशल