एप्रनच्या खिशातल्या एक्केचाळीस चिठ्ठ्या

मी, कुमारी पुष्पलता शमुवेल सोनटक्के, वय वर्षे एकोणसत्तर, मिशन दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका, राहणार नंदनवन, नागपूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणणाऱ्याचं काय होतं, ते आमच्या वॉर्डातल्या लोकांना विचारावं.

१. सन १९७९ मध्ये केलेलं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यातलं सहावं कलम तर दोनदा रद्द समजावं. माझ्याबरोबर नोकरी केलेल्या सिंधूताई बोरकर हिने माझ्या मयतीला येऊ नये, असं मी त्यात लिहिलं होतं.

२. दोन खोल्यांचं घर भाची प्रेमिला हिला द्यावं. अंगणातलं सीताफळाचं झाड तोडू नये. शेजारच्या अंजनाबाई "पानं पडतात वं" म्हणून कुरकुर करतील. फळं मात्र त्याच पहाटे उचलतात, हे प्रेमिलानं ध्यानात ठेवावं.

३. शिलाई मशीन चर्चच्या भगिनी मंडळाला. पोस्टातल्या बचतीतून दफनाचा खर्च करावा, उरलं तर तेही मंडळालाच. कबरेजवळ भाषणं नकोत. ज्यांना माझ्याबद्दल चांगलं बोलायचं असेल त्यांनी आत्ता घरी यावं, मी दुपारी असते.

४. वॉर्डाचा जुना सेवक नत्थू या कागदावर साक्षीदार आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असं मनोहरराव वकील सांगतात. म्हणून माझं ड्यूटीचं घड्याळ मी त्याच्या हातात आजच दिलं. म्हणाला, "सिस्टर, आता टाइम पाहून मी कुठं जाऊ?" पण घेतलं.

५. पत्र्याचा एक डबा आहे, त्यात एक्केचाळीस चिठ्ठ्या आहेत. मनोहरराव म्हणतात, ही हकिकत मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हटलं, डबा बसतो तर हकिकतही बसेल.

१९५५ च्या उन्हाळ्यात माझ्या हातांवर एक बाळ गेलं. हे काम आपल्याच्यानं होणार नाही, असं ठरवून मी राजीनामा लिहिला आणि एप्रनच्या खिशात ठेवला. सकाळी खिशात हात घातला, तर राजीनाम्याबरोबर आणखी एक कागद. तापाच्या तक्त्याचा फाडलेला तुकडा, त्यावर जांभळ्या पेन्सिलीनं छापील अक्षरं: "बाळ गेल्यावर तुम्ही त्याच्या आईचे केस विंचरले. मी पाहिलं." खाली बारीकसा क्रूस. नाव नाही. खोटं कशाला सांगू, चादरींच्या खोलीत जाऊन मी भडाभडा रडले आणि राजीनामा फाडला.

मग निवृत्त होईपर्यंत दर काही महिन्यांनी एक चिठ्ठी येत राहिली. प्रत्येकीच्या शेवटी तेच, "मी पाहिलं." एकमेकांना धीर द्या, ही आज्ञा पाळकसाहेब वाचतात, आम्ही "आमेन" म्हणतो आणि घरी जेवायला जातो. इथे कोणीतरी ती खरंच पाळत होतं, उजव्या हाताचं डाव्याला कळू न देता. कोण? अठ्ठावीस वर्षं या प्रश्नानं माझा पिच्छा सोडला नाही. डोळे मिटायच्या आत मला ते नाव हवं आहे.

तपास मी कसून केला. डॉक्टरांचं अक्षर कंपाउंडरलाही लागत नसे, म्हणून ते सुटले. रात्री आमचे एप्रन खुंटीवर टांगायचा नत्थू, म्हणून त्याला धरलं. तो पगारसुद्धा अंगठा लावून घ्यायचा. मला म्हणाला, "मले लिवता येत असतं तं मी बदलीचा अर्ज नसता लिवला काय?" तोही सुटला. उरली सिंधू.

सिंधूशी माझं वैर १९६१ पासूनचं. एका पोराचा ताप मी एकशे एक लिहिला, तिनं डॉक्टरांसमोर सांगितलं, एकशे तीन आहे. तिचं खरं होतं, म्हणूनच मी तिच्याशी बोलणं टाकलं. पुढं बोलले ते कामापुरतं, आणि तेही ओरडून.

६. मागच्या महिन्यात मनाचा हिय्या करून पारशिवनीला गेले. सिंधू तिथं भावाकडे राहते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, माणूस आवाजावरून ओळखते. मी काही विचारायच्या आत तिनंच एक डबा पुढं केला. त्रेचाळीस चिठ्ठ्या! तीच पेन्सिल, तोच क्रूस. माझ्यापेक्षा दोन जास्त, हे मला लागलं, कबूल करते.

माझा हात धरून ती म्हणाली, "सिस्टर, तुमी तोंडानं रागवत होत्या अन् खिशात हे टाकत होत्या. मले कवाच समजलं होतं. याच्यावरच तं दिवस काढले मी."

मी "नाही" म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, चहात साखर जास्त झाली. मी तिला आयुष्यात एक बरा शब्द दिला नव्हता आणि दुसऱ्याच्या पुण्याईचे आभार गिळून परत आले. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नव्हतं.

७. हे कलम आज, मंगळवारी, लिहिते. काल पुन्हा गेले. नत्थूनं पिशवी धरून मला एस.टी.त बसवून दिलं. जन्मातली पहिली चिठ्ठी लिहून नेली होती. पण सिंधूला दिसत नाही, तेव्हा ती तोंडानं वाचावी लागली: "त्या चिठ्ठ्या माझ्या नव्हत्या. एकशे तीन ताप तू ओळखलास, म्हणून ते पोर वाचलं. मी पाहिलं होतं, आणि बोलले नाही."

सिंधूनं हात पुढं करून तो कागद बोटांनी चाचपला. मग म्हणाली, "अजून एक डाव वाचा." मी वाचली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "मंग थे कोन होतं वं, सिस्टर?" आणि शेवटच्या बसपर्यंत आम्ही दोघी एकेक नाव घेत बसलो. नाव सापडलं नाही. परतले तेव्हा स्टँडवर नत्थू उभाच होता, त्यालाही सगळं सांगितलं.

तर माझा डबा सिंधूला द्यावा, आणि मयतीला तिला पहिल्या बाकावर बसवावं. लिहिणाऱ्याचं नाव मी आता वर गेल्यावरच विचारीन.

वरील मजकूर मी स्वतः लिहून, वाचून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करते.

नागपूर, ११ ऑक्टोबर १९८३
सही: पुष्पलता शमुवेल सोनटक्के

साक्षीदार पहिला: मनोहरराव वैद्य, वकील. सही माझ्या समक्ष झाली. नत्थू यांच्या अंगठ्यासाठी मी शाईचं पॅड आणलं होतं. त्यांनी ते बाजूला सारलं आणि खिशातून जांभळी पेन्सिल काढली. बाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या आहेत.

साक्षीदार दुसरा, स्वहस्ते, छापील अक्षरांत:

सिस्टर दोनदा पारशिवनीले गेल्या. खरं होतं ते सांगून आल्या. मी पाहिलं. †
नत्थू