बाटलीला चिकटलेलं शिसं

प्रिय भक्ती,

आधी राहीच्या हातातला पेला काढून घे. विहिरीचं पाणी तिला थेंबभरही देऊ नकोस, दूधपावडरही त्यात कालवू नकोस. मग हव्या तेवढ्या शिव्या घाल आणि पुढचं वाच. सकाळपासून तू फोन उचलत नाहीस, दादा होडीवर, म्हणून शेजारच्या हर्षदच्या हाती हे पत्र देतेय.

परवा हर्षद पनवेलला भेटला. राही पांढरीफटक पडलीय, पोट धरून रडते, येत होते ते शब्दही विसरली आणि तू रोज मीठ-मोहरीने दृष्ट काढतेस, म्हणाला.

नारळी पौर्णिमेला मी आले, तेव्हा तू विहिरीचं पाणी बंद करून नाक्यावरून हंडे आणत होतीस. बाबा जाळं बुडवायला लावतात त्या गोळ्यांसाठी विहिरीपाशीच शिसं वितळवतात, राख तिथेच टाकतात, याची तुला धास्ती. मी हसले. लॅबवाली ना मी! म्हटलं, थांब, तपासूनच दाखवते, आणि बाटली भरून आणली.

आमच्या यंत्रात आर्गॉन वायूची ज्योत असते, सूर्याच्या पृष्ठभागाहून तापलेली. पाण्याचा बारीक फवारा तिच्यात सोडला की त्यातला प्रत्येक धातू आपापला वेगळा उजेड देतो. शिशाचा उजेड जेवढा, तेवढं पाण्यात शिसं. यंत्र चोख आहे, पण त्याला जे पाणी पाजू तेवढंच ते बघतं. म्हणून नमुना घेतानाच बाटलीत नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकायचे, नाहीतर शिसं बाटलीलाच आतून चिकटून बसतं. नव्या पोरींना मी हे रोज ओरडून सांगते. आणि स्वतः? घरचंच तर पाणी, म्हणून काही टाकलं नाही. चार दिवस बाटली पिशवीत लोळत होती. वरचं पाणी ओतून तपासलं. शिसं मर्यादेच्या आत.

परवा धावत जाऊन तीच बाटली कपाटातून काढली. तळाला थोडं पाणी उरलं होतं. ॲसिड घालून काल दिवसभर ठेवलं आणि आज तपासलं. मर्यादेच्या पाचपट, भक्ती. तीनदा तपासलं. देवाला हात जोडून तपासलं. पाचपटच.

हर्षदची गाडी दारात आहे. असशील तशी राहीला घेऊन अलिबागच्या सरकारी दवाखान्यात नीघ. रक्तातलं शिसं तपासायचंय म्हणून सांग. मी इथून थेट तिकडेच जातेय, डॉक्टरांना गाठून ठेवते. माझं तोंड बघायचं नसेल तर नको बघूस, पण ये. पाया पडते तुझ्या, ये.

आणखी एक. हर्षद सांगत होता, तू सारखी म्हणतेस, माझंच काहीतरी चुकलं, मला पोर सांभाळता आली नाही. नाही गं बाई. तो रिपोर्ट अजून फ्रिजवर चिकटवलेला असेल, बघ. खाली लाल पेनाने माझंच अक्षर आहे, ‘वहिनीबाई, पाजा आता बिनधास्त!’ तू तर नको नको म्हणत होतीस. पेला तुझ्या हातात होता एवढंच. पाजलं मी.

तुझीच, अजूनही म्हणू देशील तर,
प्रणाली