लोकसहभाग (कुणालाही सांगू नये)

२ फेब्रुवारी, रविवार

ही रोजनिशी एक जानेवारीला सुरू करणार होतो. मग म्हटलं, एक तारखेला काय, कुणीही करतं. आपण पाचला करू. पाचला पेन चालेना. पेन आणायला गेलो तर वाटेत एकजण शिडीवर चढून भिंतीवर भलामोठा दात रंगवत होता, दवाखान्याची जाहिरात. तो दात पुरा होईपर्यंत दुकान बंद झालं. नंतर पेन मिळालं, पण विषय नव्हता.

आता विषय आहे. आणि असा आहे की कागदाशिवाय कुणावर भरवसा टाकण्यात अर्थ नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसथांबा आहे. त्याच्या मागे टाइल्सचं नवं शोरूम झालंय. बस उभी राहिली की शोरूमची काच झाकली जाते, म्हणून थांबा पुलापलीकडे न्या, असा शोरूमच्या शेठनी अर्ज केलाय. थांबा गेला की ताईचं कठीण. ती हॉस्पिटलच्या किचनमध्ये आहे, पहिली बस धरते. तिला भल्या पहाटे गोडाऊनच्या रस्त्यानं पुलापर्यंत चालावं लागेल. त्या रस्त्याला दिवे नाहीत. कुत्री आहेत, तीसुद्धा टोळीनं.

गुरुवारी वॉर्ड ऑफिसात सुनावणी आहे. लोक येऊन 'हरकत आहे' म्हणाले तर थांबा राहील. कुणीच फिरकलं नाही तर जाईल. इतकं सोपं. म्हणूनच संशय येतो.

लोक जमवण्याचं काम मी अंगावर घेतलंय. मागच्या महिन्यात 'सामान्य माणूस आणि नागरी सहभाग' अशी एक कार्यशाळा होती. हॉलला एसी होता म्हणून आत बसलो, तर शेवटी बिल्ला मिळाला. बिल्ल्यावर 'समन्वयक' लिहिलंय. भावोजींना दाखवला. ते म्हणाले, चार दिवसांसाठी आलास त्याला सहा महिने झाले, आधी या घरात सहभाग घे, ती बादली उचल. भावोजींना माझी भीती वाटायला लागली असावी.

३ फेब्रुवारी, सोमवार

जनसंपर्क केला.

टेलर काकू: फक्त दिवस नि वेळ सांग, मशीन बंद करून येते, आमच्या जिन्यातल्या सगळ्यांना घेऊन येते, म्हणाल्या. एवढा उत्साह? मी तर विचारलंसुद्धा नव्हतं. संशयास्पद.

लॉन्ड्रीवाला: किती जण येणार, असं विचारत होता. याला आकडा कशाला हवा? शिवाय त्याच्या काउंटरला पुढून नव्या टाइल्स आहेत. निळ्या.

मास्तर (रिटायर्ड): यांच्याकडे मुद्दे तयारच होते. दिवे, कुत्री, म्हातारी माणसं, सगळं ओळीनं. माणूस इतका तयार कधी असतो? आधीपासून कुणाशी बोलला असेल तेव्हा.

संध्याकाळी थांब्यावर गेलो तर काय, खांबावर सुनावणीची नोटीस उघडी चिकटवलेली! तारीख, वेळ, सगळं. येणारा-जाणारा कुणीही वाचेल. शोरूमवालेसुद्धा! अर्ज शेठचाच आहे हे खरं, पण म्हणून तारीख त्यांना फुकटात का सांगायची? फाडून खिशात टाकली. आता तारीख सुरक्षित आहे. माझ्याकडे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बादली भरताना कल्पना सुचली. (भावोजींना सांगणार नाही, रोज भरायला लावतील.)

फितूर शोधायचा तर प्रत्येकाला वेगळी वेळ सांगायची. ज्याची वेळ शोरूमवाल्यांच्या कानावर गेलेली दिसेल, तो माणूस फितूर. काकूंना सांगितलं, गुरुवारी दुपारी चार. लॉन्ड्रीवाल्याला शुक्रवारी सकाळी. मास्तरांना शुक्रवारी दुपारी. खरी वेळ गुरुवारी सकाळी अकरा, ती फक्त मला माहीत. आपापल्या जिन्यातल्या माणसांपलीकडे अवाक्षर काढायचं नाही, असं बजावलं. सगळे बरं म्हणाले. कुणी एकानंही वाद घातला नाही, हे काही बरोबर वाटलं नाही.

ताईला शनिवार सांगितला. सांगताना जरा जड गेलं. पण ती काकूंकडे बसते-उठते. नियम म्हणजे नियम.

उद्या सगळ्यांना खरी वेळ सांगून टाकायची. नक्की.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी खरी वेळ सांगायला निघालो. कोपऱ्यावर विटांचा ट्रक गटारात कलंडलेला, क्रेन आलेली, आणि क्रेनवाल्याला मागचं काही दिसत नव्हतं. कुणीतरी हात दाखवायला नको का? दाखवले. घे घे घे, बस बस, थोडं डावीकडे. ट्रक निघाला, तेव्हा उन्हं उतरली होती. एक हेडलाइट फुटला, पण तो माझ्या हातवाऱ्यांमुळे नाही. क्रेनवाला म्हणाला, तुझ्यासारखा माणूस हवा, चल माझ्याबरोबर, उद्या धरणावर काम आहे. धरण मी अजून पाहिलेलं नाही. पण समाजकार्य आड आलं.

घरी येऊन आडवा झालो. मग वाटलं, ज्याला खरी तळमळ आहे तो वेळ स्वतः शोधून काढेलच. लोकांना परावलंबी करू नका, असं कार्यशाळेतही सांगितलं होतं. बहुतेक. तेव्हा समोसे आले होते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

१०.३०. वॉर्ड ऑफिससमोरच्या सायकल स्टँडमागे. दार नीट दिसतंय. आत गेलो तर कोण येतंय-जातंय ते कसं कळणार?

१०.५०. छत्रीवाला जाडा इसम. आभाळात ढग नाही. नजर ठेवली. मुतारीत गेला.

११.०५. कुणी नाही. शाब्बास! एकही वेळ फुटलेली नाही.

११.२०. सुनावणीचे साहेब पायरीवर आले, दोन्हीकडे पाहिलं. मी खाली वाकलो. हा कुणाचा माणूस, काय सांगावं?

११.४०. कारकुनानं खोलीला कुलूप लावलं.

दुपारी. मोहिमेचा पहिला टप्पा फत्ते. एक बारीकशी गोष्ट टोचतेय. मी स्वतः आत जाऊन 'हरकत आहे' म्हणू शकलो असतो. पण एकट्यानं म्हटलं तर तो लोकसहभाग होतो का? तत्त्वात बसत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काल चारला काकू अख्खा जिना घेऊन वॉर्ड ऑफिसात गेल्या. कारकून म्हणाला, सुनावणी सकाळीच झाली, 'कुणाचीही हरकत नाही' असं लिहून फाइल वर गेली, सोमवारपासून थांबा हलणार. आज सकाळी लॉन्ड्रीवाला दुकान बंद ठेवून माणसं घेऊन गेला. दुपारी मास्तर गेले, बसायची खुर्ची घरून घेऊन. तेच उत्तर. तुमच्या गल्लीत मोर्चासुद्धा हप्त्याहप्त्यानं काढतात का, असं कारकुनानं मास्तरांना विचारलं म्हणे.

एवढी माणसं! सामान्य माणूस घराबाहेर पडत नाही, ही अफवा कोण पसरवतंय, याचा तपास करायला हवा.

संध्याकाळी सगळे लॉन्ड्रीत जमले. वेळा ताडून पाहिल्या. काकू म्हणाल्या, हे मुद्दाम केलंय, शेठचा माणूस आपल्यातच आहे. मी म्हटलं, अहो, मी सोमवारपासून तेच म्हणतोय! सगळे माझ्याकडे बघायला लागले. बराच वेळ बघत होते. चला, लोकांची नजर तरी तयार झाली. मास्तरांनी विचारलं, बाळा, तुला वेळ कुणी सांगितली होती? मी म्हटलं, सूत्रं उघड करता येत नाहीत.

लॉन्ड्रीवाल्यानं माझे कपडे परत दिले. इस्त्री न करता.

८ फेब्रुवारी, शनिवार

ताईनं आजच्या सुनावणीसाठी रजा टाकली होती. खरं काय ते तिला काकूंकडून कळलं.

ती रागावली असती तर मी निभावून नेलं असतं. रागावली नाही. ताट वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, मला तरी खरं सांगायचंस रे. मी म्हटलं, ताई, पद्धत सगळ्यांना सारखीच हवी ना. ती हसली. भावोजी हसले नाहीत.

जेवण झाल्यावर तिनं माळ्यावरून बंद बूट काढले. रोज ती चपला घालून जाते. विचारलं, बूट कशाला? म्हणाली, कुत्री पायालाच येतात.

दुपारची झोप लागली नाही. उकाडा असेल.

९ फेब्रुवारी, रविवार

निश्चय: उद्यापासून रोज पहाटे ताईला पुलापर्यंत सोडायचं. काठी घेऊन. काठी शोधली. एक छान बांबू मिळाला, त्याची बासरी होईल का, ते बघण्यात सकाळ गेली. होत नाही. आता काठीही होत नाही.

संध्याकाळी काकूंनी बोलावलं. तिथे सगळे होते. त्यांचं ठरलंय: फाइल कुठं जायची तिथं जाऊ दे, उद्या सकाळी सगळ्यांनी जुन्याच थांब्यावर उभं राहायचं आणि हात करायचा. एवढी माणसं बघून ड्रायव्हर थांबणार नाही का? बस्स. ना गुप्तता, ना सांकेतिक शब्द. आराखडा फारच कच्चा. तरी मोठ्या मनानं विचारलं, किती वाजता?

काकू म्हणाल्या, सात.

लॉन्ड्रीवाल्याला ठसका लागला. मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ७.००. थांब्यावर. एकटाच. ताई घरी नव्हती, बूटही नव्हते. पाटी काढून नेलीय. आपल्या लोकांना वेळेची शिस्त म्हणून नाही.

७.२०. शोरूमच्या वॉचमनशी बोललो. तो म्हणाला, सगळे उजाडायच्या आत येऊन गेले. रस्ता भरला होता. बस थांबली, बाया चढल्या, ड्रायव्हर म्हणाला, रोज असेच उभे राहा, मी रोज थांबेन. मग बाकीचे वॉर्ड ऑफिस उघडायच्या आधीच तिथल्या पायरीवर बसायला गेले, फेरसुनावणी मागायला.

म्हणजे मला चुकीची वेळ सांगितली! माझीच पद्धत, मला न विचारता!

वॉचमननं विचारलं, तुम्ही कोण? त्याच्या डोळ्यांत कीव दिसली, ती मला चालत नाही. बिल्ला दाखवला. सांगितलं, या भागाचा समन्वयक मी आहे, गुरुवारच्या सुनावणीला एक माणूस फिरकला नाही, तो बंदोबस्त एकट्या माझा. तो चाट पडला. नाव, पत्ता लिहून घेतला. कामाची कदर असणारी माणसं असतात अजून.

संध्याकाळी. साहेबांनी फेरसुनावणी दिलीय, उद्याच. म्हणून सगळे आमच्याच बाहेरच्या खोलीत, माझ्या गादीवर बसलेत. मला पाणी द्यायचं काम मिळालं. पाणी देऊन झालं तेव्हा ताई जरा सरकली आणि शेजारी जागा करून म्हणाली, बस इथं. मी बसलो. बरं वाटलं, लिहायला हरकत नाही.

मग काकूंनी स्पष्टच विचारलं, उद्या तुला बरोबर न्यायचं की नाही ते ठरवायचंय, तू शेठचा माणूस आहेस का रे? ताई म्हणाली, तो वेंधळा आहे, फितूर नाही, माझा भाऊ आहे. लॉन्ड्रीवाला म्हणाला, ताई म्हणतेय तर सोडा. मी उठून उभा राहिलो आणि शपथेवर सांगितलं की शेठचं तोंडसुद्धा मी आजवर पाहिलेलं नाही. मास्तरांनी मान डोलावली. काकूंनी मला पाणी दिलं. मला! डोळे भरून आले म्हणून बाथरूममध्ये आलो. इथंच लिहितोय.

बेल वाजली. भावोजींनी दार उघडलं. एक अनोळखी, मोठा, खूश आवाज येतोय. मी टाइल्सच्या शोरूमचा मालक, म्हणतोय. गुरुवारी एकाही माणसाला फिरकू न देणारे ते समन्वयक साहेब इथंच राहतात ना, म्हणतोय, मुद्दाम आभार मानायला आलोय.