बिघाडाचे नऊ रविवार

प्रिय धम्मप्रिया,

सप्रेम जय भीम.

टाईप केलेलं पत्र बघून दचकशील. आप्पांचं पत्र म्हणजे निळी शाई आणि डाव्या बाजूला सोडलेला समास, हे तुला पाठ. पण या वेळी टाईपच करायचं होतं, का ते पुढं येईल. आधी शेवटचं पान उलटून बघायची तुझी खोड मला ठाऊक आहे, ती आज करू नकोस. क्रमानं वाच. चौतीस वर्षं मास्तरकी केली, एवढा हुकूम अजून चालायला हरकत नाही.

घरी सगळं बरं आहे. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्या बोलण्यात काही फरक नाही. शेजारचा आपला नरसिंग कंडक्टर रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी विहारात वंदनेला बसताना माणसांना 'पुढं सरका, पुढं सरका' करून राहिलाय. परवा भन्तेजींनाच म्हणाला. वर्षावासाचे तीन महिने संपत आले. ग्रंथवाचन यंदा माझ्याकडे आहे, त्यामुळे घसा बसलाय. अर्ज टाईप करून घ्यायला माणसं येतात तशीच येतात, कुणाची पेन्शन अडलेली, कुणाच्या पोराचा दाखला. हे सगळं मी तुला फोनवरही सांगू शकलो असतो, पण फोनवर आपलं बोलणं कशावर सुरू होतं आणि कशावर संपतं ते तुला माहीत आहे. कॉम्प्युटर.

तर कॉम्प्युटरचीच हकीकत पहिल्यापासून सांगतो, कारण त्यातली निम्मी तुला ठाऊक नाही. वर्षावास लागल्यावर दुसऱ्या रविवारी मी तुला फोन केला. तीन वर्षं आणि दोन महिन्यांनी. बापानं इतक्या दिवसांनी पोरीला फोन करावा आणि पहिलं वाक्य काय बोलावं? 'कॉम्प्युटर काळा पडलाय.' कशी आहेस नाही, काही नाही. तू पण वस्ताद. म्हणालीस, 'खाली कोपऱ्यात काय लिहिलंय ते वाचा, आप्पा.' जणू काल रात्रीच जेवणावर भेटलो होतो.

पण त्याच्या आधी चार दिवस मी काय फजिती करून घेतली ते तुला कुणी सांगितलेलं नाही. कोपऱ्यात इंग्रजीत आलं होतं की ही विंडोजची प्रत अस्सल नाही. मधूनच एक चौकट उघडायची, तुमची नकली मालात फसवणूक झाली असावी म्हणून. नरसिंगनं चष्मा सारून वाचलं आणि चार माणसांसमोर म्हणाला, 'सर, चोरीचा माल हाय म्हणतंय की हे.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! सर्व्हिस बुकात एक लाल शेरा नाही माझ्या. मी तडक तहसीलसमोर जाऊन स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून घेतलं. मी आनंदराज, वय सदुसष्ट, धंदा पेन्शनर, राहणार मुखेड, शपथेवर लिहून देतो की सदर संगणक माझ्या मुलीने कॉलेजात असताना रीतसर पावतीवर घेतलेला असून त्यात चोरीचे अगर नकली असे काहीही नाही. पावतीची झेरॉक्स जोडली. एक साक्षीदार नरसिंग, दुसरा तिथलाच चहावाला. गोल शिक्का मारून घेतला आणि ऐटीत घरी आलो. खुर्चीवर बसल्यावर लक्षात आलं की हे आता दाखवायचं कुणाला? मशीनला? तुझी आई पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, 'पोरीनं घेतलेली मशीन हाय, पोरीलाच इचारा की. कागदाला काय कळतंय?'

तू पाच मिनिटांत ओळखलंस. गेल्या वर्षी हार्डडिस्क गेली तेव्हा मी नांदेडला एका दुकानात मशीन टाकून आलो होतो. त्यांनी नवी डिस्क बसवताना कुठली तरी उचललेली विंडोज आत घातली. म्हणजे माझं शपथेवरचं प्रतिज्ञापत्र चक्क खोटं निघालं, शिक्क्यासकट. तू हसली नाहीस, हे मी लक्षात ठेवलंय.

त्याच्या पुढच्या रविवारी तू म्हणालीस, सीपीयूच्या डब्याच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली असेल, तिच्यावर पंचवीस अक्षरं आणि आकडे आहेत. तीच आपल्या विंडोजची किल्ली, ती टाकली की काम झालं. चिठ्ठी होती, पण तुझी आई दर दिवाळीला ओल्या फडक्यानं तो डबा घासते, चिठ्ठीसकट. मी बॅटरीचा उजेड पाडून वाचत होतो आणि फोनवर घोटाळा नको म्हणून गावांची नावं घेत होतो. M मुखेडचा, K कंधारचा, D देगलूरचा. मग C आला आणि तोंडातून निघून गेलं, चाकूरचा.

चाकूर. तुझं सासर. तीन वर्षं या घरात त्या गावाचं नाव मी निघू दिलं नव्हतं. बसस्टँडवर ती पाटी दिसली तरी तोंड फिरवायचो. स्पीकरला कान लावून भेंडी चिरत बसलेल्या आईचा हात थांबला. मग तू हळूच म्हणालीस, 'बरं आप्पा, पुढचं?' मी पुढचं अक्षर सांगितलं.

आता आलोच आहे तर त्याचंही बोलून टाकतो. तू लातूरला कोर्टात लग्न केलंस आणि मग कळवलंस. मी जगाला सांगितलं की पोरीनं विचारलं नाही याचा मला राग आहे. मला अवधूतशी, त्याच्या जातीशी काही वाकडं नाही, फक्त विचारायला हवं होतं. लोकांना पटलं. दर चौदा एप्रिलला चौकात जातिअंतावर भाषण करणारा माणूस, त्याच्या तोंडी ते शोभलंही. पण खरं सांगू का, पोरी? तू विचारलं असतंस तर मी नाहीच म्हणालो असतो. त्यांच्या घरात माझ्या लेकीला कुणी पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला तर, ही भीती पोटात होती. तिला मी तत्त्वाचं नाव दिलं असतं आणि तुला दोन वर्षं झुलवलं असतं. तू मला बरोबर ओळखलं होतंस, तेच मला लागलं. हे मी आजवर तुझ्या आईजवळसुद्धा कबूल केलेलं नाही.

आता खरी कबुली. तिसऱ्या रविवारी आपण ती किल्ली चारदा टाकली आणि चारही वेळा मशीननं नाकारली. तू वैतागली होतीस. तेवढ्यात मागून एक आवाज आला, 'आठ नसेल ते, B असेल. पुसलंय ना ते?' तो अवधूतचा आवाज. मी पहिल्यांदाच ऐकला. भारदस्त असेल असं का कोण जाणे वाटायचं मला, तर साधा, जरा दबकल्यासारखा. मी 'रेंज नाही' म्हणून फोन ठेवून दिला. रेंज चांगली होती. दुपारी आई झोपल्यावर मी आठाच्या जागी B टाकला. मशीन क्षणभर थांबली आणि कबूल झाली. कोपऱ्यातलं ते लिखाण गेलं, चौकट गेली, सगळं ठणठणीत.

होय, धम्मा. तिसऱ्या रविवारीच. त्यानंतर नऊ रविवार मी तुला 'होत न्हाई गं, काळाच हाय' म्हणत आलो. हे पत्र त्याच मशीनवर टाईप करतोय.

आता तू कपाळाला हात लावला असशील. लाव. नऊ रविवार तू मला काय काय करायला लावलंस, आणि मी इकडं हात मांडीवर ठेवून 'हाव, केलं' म्हणायचो. तू पडद्याचा फोटो मागितलास तेव्हा पहिल्या आठवड्यातला काळा फोटोच पुन्हा पाठवला. नरसिंग एकदा समोर बसलेला, त्यानं स्वच्छ पडदा बघितला, माझं बोलणं ऐकलं आणि माझ्याकडं असं बघितलं की विनातिकीट मीच सापडलो. सदुसष्टाव्या वर्षी खोटं बोलायला शिकलो, आणि तेही रोज पंचशीलाचं वाचन करून. पण तू म्हणायचीस ना, 'आता बंद करून पुन्हा चालू करा, आप्पा, मी थांबते.' ही मशीन जुनी, चालू व्हायला सात-आठ मिनिटं घेते. त्या मिनिटांत करायला काही नसायचं म्हणून तू बोलायचीस. लातूरला नळाला किती दिवसांनी पाणी येतं, तुझ्या क्लासमधली पोरं माऊस कसा धरतात, वांग्याची भाजी बिघडली. मी मशीन बंदच केलेली नसायची. मला ती सात-आठ मिनिटं पाहिजे होती. मशीन बरी झाली म्हणालो असतो तर पुढच्या रविवारी कशासाठी फोन केला असता? नुसता करायचा मला जमत नव्हता, बघ. तीन वर्षांत सवय मोडली होती आणि मान तर त्याहून ताठ.

आणखी एक सांगायचं राहिलं. पडदा काळा झाला म्हणून मी एवढा का हैराण झालो, हे तू कधी विचारलं नाहीस. अर्ज काळ्या पडद्यावरही टाईप व्हायचे, काम काही अडलं नव्हतं. पडद्यावर तुझा फोटो होता. पदवीचा, काळ्या गाउनमधला, टोपी वाकडी झालेला. तुझ्याशी बोलणं टाकलं त्या आठवड्यातच मी तो लावला, डिस्क बदलल्यावरही पुन्हा तोच लावला आणि तीन वर्षं काढला नाही. सकाळी मशीन चालू करायचो, तू दिसायचीस, मग कामाला लागायचो. ते नकलीचं लिखाण आल्यापासून दर तासाला मशीन तुझा फोटो पुसून काळं करायची. मी पुन्हा लावायचो. तासाभरानं पुन्हा काळं. दिवसातून दहा-बारा वेळा लावला असेल, तुझी आई बघत होती. चौथ्या दिवशी माझ्यानं राहवलं नाही आणि मी रडलो. मग फोन केला.

अवधूतनं सांगितलेलं बरोबर होतं आणि मी नऊ आठवडे ते खोटं पाडलं, याची मला सगळ्यात जास्त शरम वाटते. त्याच्या उत्तरानं माझी लेक मला पडद्यावर परत दिसली आणि मी त्याला साधं 'जमलं' असं कळवलं नाही. तो गणिताचे क्लास घेतो ना, तिथं उदाहरण बरोबर सोडवलेल्या पोराला कुणी भोपळा दिला तर तो भांडेल. माझ्याशी भांडला तरी चालेल.

आता पत्राचं कारण. परवा तू म्हणालीस, फोनवरून हे व्हायचं नाही, रविवारी मी स्वतः येते, सगळं पुसून नव्यानं टाकते आणि चारच्या बसनं परत जाते. फोन ठेवल्यावर तुझ्या आईनं परात आपटली. 'अहमदपूरला बस बदलून यायला लावता का पोरीला, बरी झालेली मशीन बरी करायला? तिसरा म्हैना लागलाय तिला. मला बुधवारी सांगितलं तिनं.' तुम्ही दोघी दर बुधवारी बोलता ते मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे, पोरी. म्हणून तर मी बुधवारी पाचला चहा नको असला तरी नरसिंगकडं जाऊन बसतो. पण ही बातमी मला माहीत नव्हती. मी उठून मागच्या अंगणात गेलो आणि बराच वेळ तिथंच उभा राहिलो. तू रविवारी येणार आणि तासाभरात मशीन ठीक आहे म्हणून चारच्या बसनं जाणार, मग पुन्हा मला काही मोडायची वाट बघावी लागणार. ते मला नको. म्हणून आज सगळं खरं लिहिलं. इथं दुरुस्त करायचं काही नाही, धम्मा. तरी ये. सोमवारची रजा टाक, जमली तर मंगळवारचीही. आईनं मधल्या खोलीत गादी घालून ठेवली आहे, दोन उशांची. तेवढा अवधूतरावांना निरोप दे की सासरे स्टँडवर घ्यायला येणार आहेत आणि तुझ्याबरोबर अवधूतराव दिसले नाहीत तर मी तुला एकटीला बसमधून उतरू देणार नाही.

तुझाच,
आप्पा