नळ कधी आणि यंत्र कधी

३ जून

चि. बडबडीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. ऑफिसातून दिवसभर तज्ज्ञांना फोन करून तू विचारतेस, यंत्राची बुद्धी माणसाच्या पुढे कधी जाईल. आणि बहुतेक म्हणतात, दहा वर्षांत. म्हणून भाषांतराच्या शेवटच्या परीक्षेला बसायचंच नाही म्हणतेस! नोकरी सांभाळून केलेला अभ्यास असा टाकून द्यायचा?

एक सांग, तुम्ही विचारता कसं? आपला स्वयंपाकघरातला नळ गळतोय. थेंब वाया नको म्हणून खाली बादली ठेवलीय, त्यात फरशी पुसून होते. बाबांना विचारलं, नळ कधी दुरुस्त कराल? म्हणाले, दोन दिवसांत. दुसऱ्या दिवशी मुद्दाम विचारलं, उद्यापर्यंत होईल का? तर म्हणे, छे, उद्या कसला होतोय! नळ तोच, नवरा तोच. तुझ्या तज्ज्ञांचं असं तर होत नाही ना?

पाकीट जुनंच उलटून चिकटवलंय, हसू नकोस. लोभ ठेव.

तुझी आई

११ जून

ती. आईस,
सा. न.

हसले, पण पाकिटाला नाही. साहेबांना तुझा नळ सांगितला. ते म्हणाले, हा घोळ जुनाच आहे. म्हणूनच तर आम्ही निम्म्यांना 'कधी होईल' विचारतो आणि निम्म्यांना 'दहा वर्षांत होईल का'. माझ्या वाट्याला नेमके सगळे 'कधी'वाले आले होते! शेजारच्या टेबलावरून विचारलेले बहुतेक तज्ज्ञ म्हणतात, दहा वर्षांत कठीण आहे. शिकलेले दोन्हीकडे सारखेच. मी आपली अर्ध्या उत्तरांवर घाबरून बसले.

पण आई, लगेच खूश होऊ नकोस. नक्की कोणालाच माहीत नाही, म्हणजे होणारच नाही असं नाही. उद्याच झालं तर? मग शिकून काय करायचं? अर्जाची मुदत या महिनाअखेरीला संपतेय आणि तो तसाच कोरा पडलाय.

वेडी म्हण, पण माया कमी करू नकोस.

तुझी बडबडी

१५ जून

चि. बडबडीस,
अ. उ. आ.

खूश नाही झाले. होणारच नाही असं छातीठोक सांगणाऱ्यावरही माझा विश्वास नाही. यंत्र पुढे जाईलही. देवाने मला त्यातलं काही कळवलेलं नाही. उद्याचं त्याने कधीच कळवलं नाही, तरी सकाळची प्रार्थना मी उद्यावर ढकललेली नाही.

मागे दवाखान्यात त्या परक्या भाषेतल्या म्हातारीचं दुखणं तू डॉक्टरांना समजावून सांगितलंस. तू निघेपर्यंत तिने तुझा हात सोडला नव्हता. यंत्र कधी येणार याचं तिला काय होतं? तिला त्या दिवशी कोणीतरी हवं होतं.

नळ झाला बरं का. 'कधी' सोडलं, 'होईल का'ही सोडलं. पाना आणून सरळ बाबांच्या हातात दिला. तुझ्या हातात पाना काय द्यायचा? म्हणून सोबत पेन धाडतेय.

अर्ज भरलास की दोन ओळी टाक. आम्हा दोघांवरची माया अशीच राहू दे.

तुझी आई

ता. क. पेन नवं विकत घेतलंय. बाबा अजून सावरलेले नाहीत.